पाऊस, वारा आणि हातातला चेंडू

गॉलवेमध्ये कॉलेज रोडवर एक मैदान आहे. त्याचं नावही तेव्हा अगदी साधं होतं, स्पोर्ट्सग्राउंड. कॉनॉट रग्बी संघाचं हे घर. २०१५-१६च्या हंगामात तिथे खेळायला येणाऱ्या पाहुण्या संघाला सगळ्यात आधी दिसायची ती हिरवळीभोवती फिरलेली वाळूची लंबगोल पट्टी. ही पट्टी ग्रेहाउंड कुत्र्यांच्या शर्यतींसाठी. एखाद्या दिवशी इथे कुत्री धावायची, दुसऱ्या दिवशी रग्बी. प्रेक्षक मावायचे जेमतेम आठ हजार, त्यातले बरेचसे उभे. आणि वारा अटलांटिकवरून थेट आत. आडवा पाऊस, चिखल झालेलं मैदान, हातातून निसटणारा चेंडू. कॉनॉटविरुद्ध खेळायला कुणालाच आवडत नसे, पण बरीच वर्षं कॉनॉटला घाबरतही कुणी नसे.

त्या हंगामाच्या अखेरीला, २८ मे २०१६ रोजी, एडिंबरामधल्या मरेफील्डवर याच संघाने बलाढ्य लेन्स्टरला २०-१० असं हरवून ‘प्रो-१२’ लीग जिंकली. संघाची स्थापना १८८५ सालची. १३१ वर्षांतलं हे पहिलं मोठं विजेतेपद. त्याच महिन्यात इंग्लंडमध्ये लेस्टर सिटीने फुटबॉलची प्रीमियर लीग जिंकली होती, त्यामुळे वर्तमानपत्रांना आयतीच जोडी सापडली. दोन्हीकडे ‘चमत्कार’ हाच शब्द.

कॉनॉटच्या चाहत्यांना हा शब्द पटत नाही, आणि त्यांचं म्हणणं रास्त आहे. त्या हंगामाकडे सामन्यामागून सामना असं पाहत गेलं, तर चमत्काराला फारशी जागाच उरत नाही. दिसतो तो शिकवलेला, घोटून घेतलेला, हरतानाही न सोडलेला एक खेळ.

आयर्लंडचे परंपरेने चार प्रांत. पूर्वेला डब्लिनसह लेन्स्टर, दक्षिणेला मन्स्टर, उत्तरेला अल्स्टर आणि पश्चिमेला कॉनॉट. दिल्लीच्या कॅनॉट प्लेसला ज्या ड्यूकचं नाव आहे, त्याची पदवी याच प्रांतावरून आलेली. गॉलवे, मेयो, रॉसकॉमन, स्लायगो आणि लीट्रिम या पाच काउंटी मिळून तेव्हा वस्ती साधारण साडेपाच लाखांची. जमीन खडकाळ, दलदलीची. सतराव्या शतकात क्रॉमवेलच्या राजवटीने कॅथलिक जमीनदारांच्या जमिनी काढून घेतल्या आणि त्यांना शॅनन नदीपलीकडे या भागात ढकललं. ‘नरकात जा, नाहीतर कॉनॉटला’ ही म्हण तेव्हापासून लोकांच्या तोंडी आहे. एकोणिसाव्या शतकातल्या दुष्काळाचा आणि त्यानंतरच्या स्थलांतराचा सगळ्यात मोठा फटकाही इथेच बसला.

इथल्या माणसांचं खेळांचं वेडही वेगळं. गॅलिक फुटबॉल आणि हर्लिंग हे इथले घरचे खेळ. रग्बी शहरातला, महागड्या शाळांमधला, मुख्यतः डब्लिनचा. त्या शाळा लेन्स्टरला दरवर्षी तयार खेळाडू पुरवतात. कॉनॉटला असा पुरवठा नव्हताच.

आयर्लंडमध्ये व्यावसायिक रग्बीची सूत्रं राष्ट्रीय संघटनेच्या, म्हणजे आयआरएफयूच्या हातात आहेत. प्रांतांचे संघ चालतात ते तिच्या पैशावर. बाकीच्या तिन्ही प्रांतांनी युरोपचा सर्वोच्च चषक जिंकलेला होता. अल्स्टरने १९९९मध्ये, मन्स्टरने २००६ आणि २००८मध्ये, लेन्स्टरने २००९, २०११ आणि २०१२मध्ये. कॉनॉटची ओळख मात्र ‘विकासासाठीचा प्रांत’ अशी. सरळ सांगायचं तर, इतरांना नको असलेल्या किंवा अजून तयार न झालेल्या खेळाडूंना खेळायला मिळावं म्हणून ठेवलेला संघ. पैसाही त्याच हिशेबाने मिळायचा.

२००३च्या जानेवारीत तर हा संघच बंद करावा असा विचार आयआरएफयूमध्ये पुढे आला. तिजोरीत खडखडाट होता आणि कात्री लावायची तर ती पश्चिमेलाच लावणं सोपं वाटत होतं. तेव्हा पश्चिमेतली माणसं बसमध्ये बसून राजधानीत आली आणि डॉनीब्रूकपासून लॅन्सडाउन रोडवरच्या संघटनेच्या कार्यालयापर्यंत मोर्चा काढला. सुमारे दोन हजार लोक होते. ज्या संघाच्या सामन्यांना तेव्हा कित्येकदा एवढी गर्दीही होत नसे, त्याच्यासाठी भर थंडीत दोन हजार लोक रस्त्यावर उतरले. संघ वाचला. त्याच सुमाराला शॅननकाठच्या पोर्टुम्ना गावचा एक तरुण संघात दाखल झाला. पोर्टुम्ना हे हर्लिंगचं गाव, राष्ट्रीय क्लब विजेतेपदं पटकावणारं. पण जॉन मल्डून रग्बीकडे वळला आणि मग पंधरा वर्षं कॉनॉट सोडून कुठेही गेला नाही.

पुढची वर्षं तळातलीच होती. अधूनमधून एखादा विजय यायचा आणि पुढचे दोन हिवाळे त्याच्यावर निघायचे. २०१२च्या जानेवारीत पावसाळी रात्री इंग्लंडच्या हार्लेक्विन्सला ९-८ असं हरवलं. २०१३च्या डिसेंबरमध्ये फ्रान्समध्ये जाऊन तुलूझला त्यांच्याच मैदानावर १६-१४ असं नमवलं. युरोपचा चषक तोवर चार वेळा जिंकलेल्या संघाला घरात घुसून हरवण्याची हिंमत आहे, हे त्या दिवशी कळलं. पण हिंमत महिनोन् महिने टिकवता येत नव्हती. २०१५च्या मे महिन्यात युरोपच्या मुख्य स्पर्धेत जाण्यासाठीची लढत ग्लॉस्टरविरुद्ध जादा वेळेत ३२-४० अशी गमावली, आणि त्या हंगामावर पडदा पडला तो अशा चटका लावणाऱ्या पराभवाने.

तोवर पॅट लॅमला गॉलवेत येऊन दोन वर्षं झाली होती. लॅम मूळचा सामोअन, वाढलेला ऑकलंडमध्ये. सामोआचा कर्णधार, नॉर्थॅम्प्टनसोबत २०००चा युरोपियन चषक जिंकलेला. प्रशिक्षक म्हणून ऑकलंडच्या ब्लूज संघातून त्याला जावं लागलं होतं. आयर्लंडच्या या ओल्या, वाऱ्याच्या टोकाला तो आला २०१३मध्ये, आणि आल्याबरोबर त्याने जे सांगितलं ते ऐकून बऱ्याच जणांनी मान हलवली. चेंडू हातात ठेवून खेळायचं, असं त्याचं म्हणणं होतं.

यात विशेष काय, हे समजायला रग्बीची दोन सूत्रं पुरेशी आहेत. चेंडू हाताने फक्त मागे किंवा आडवा देता येतो, पुढे नाही. पुढे जायचं तर चेंडू घेऊन पळायचं किंवा लाथेने लांब उडवायचा. पाऊस असेल, चेंडू साबणासारखा झाला असेल, मैदान चिखलाचं असेल, तर शहाणा संघ लाथ मारतो, चेंडू समोरच्याच्या अंगणात पाठवतो आणि त्याच्या चुकीची वाट बघतो. पश्चिमेत अनेक पिढ्या असंच खेळल्या. हाताने खेळायचं म्हणजे प्रत्येक पासमध्ये चूक होण्याची भीती, आणि एक चूक म्हणजे समोरच्याला आंदण.

लॅमचा हिशेब उलटा होता. लाथ मारून चेंडू दिला की ज्यांच्याकडे जास्त ताकद, जास्त पैसा, जास्त खेळाडू आहेत, त्यांच्या हातात तो जातो. मग आपण कशाच्या जोरावर जिंकणार? त्यापेक्षा चेंडू आपल्याकडे ठेवावा आणि समोरच्याला दमवावं. त्यासाठी संघातल्या प्रत्येकाला चेंडू देता-घेता आला पाहिजे. स्क्रममध्ये खांदा लावून ढकलणं एवढंच काम समजल्या जाणाऱ्या सव्वाशे किलोच्या प्रॉपलासुद्धा. कौशल्यांचा प्रशिक्षक डेव्ह एलिस याच्याकडे हे काम होतं. पासची तालीम रोज, सगळ्यांची, वारा कुठल्याही दिशेने असो. पुढच्या फळीतले खेळाडू एका ढिगाऱ्यात न राहता मैदानाच्या रुंदीभर लहान लहान टोळ्यांत पसरायचे, म्हणजे चेंडू कुठेही गेला तरी तिथे घेणारे हात असायचे. डेनिस बकली, फिन्ले बीलम यांच्यासारखे प्रॉप आणि ॲली मल्डाउनीसारखा उंच लॉक टॅकल होता होता असा काही पास सोडायचे की बघणाऱ्याला तो बॅकलाइनमधला खेळाडू वाटावा. त्या हंगामातलं सगळ्यात सुंदर दृश्य कोणतं असेल, तर ते हेच. एखाद्या ट्रायपेक्षाही, म्हणजे रेषेपलीकडे चेंडू टेकवून मिळवलेल्या गुणांपेक्षाही सुंदर.

संघ जमवला होता तोही सगळीकडून. मिडफील्डला अथलोनचा रॉबी हेन्शॉ आणि न्यूझीलंडहून आलेला बंडी आकी. स्क्रम-हाफ किअरन मार्मियन वेल्समध्ये वाढलेला. बीलम ऑस्ट्रेलियाचा. लॉक अल्टन डिलेन पॅरिसमध्ये जन्मलेला आणि आयर्लंडच्या केरी काउंटीत लहानाचा मोठा झालेला. उजव्या विंगला नियी अडेओलोकुन. जन्म नायजेरियातल्या इबादानचा, बालपण डब्लिनचं, रग्बीच्या मोठ्या शाळांच्या वाटेने न आलेला. फ्लाय-हाफ ए. जे. मॅकगिंटी डब्लिनचा, पण २०१५च्या विश्वचषकात तो खेळला अमेरिकेकडून आणि त्यानंतर गॉलवेत दाखल झाला. फुलबॅक टिअरनन ओ’हॅलोरन मात्र अस्सल पश्चिमेचा, क्लिफडनचा. या सगळ्यांच्या मध्ये, आठ नंबरची जर्सी घातलेला कर्णधार मल्डून.

हंगामातली सगळ्यात विचित्र सहल झाली नोव्हेंबरमध्ये. युरोपच्या दुय्यम स्पर्धेत, चॅलेंज कपमध्ये, कॉनॉटच्या गटात रशियाचा एनिसेई-एसटीएम हा संघ होता. तो क्रास्नोयार्स्कचा, म्हणजे थेट सायबेरियातला. पारा उणे वीसच्या आसपास, मैदानाच्या कडेला बर्फ. सामना कॉनॉटने ३१-१४ असा जिंकला. खरी परीक्षा त्यानंतर सुरू झाली. परतीच्या खास विमानात बिघाड झाला आणि संघ तिथेच अडकला. शेवटी वेगवेगळ्या गटांत, वेगवेगळ्या विमानांनी, कित्येक तासांच्या वाटा तुडवत खेळाडू घरी पोचले. व्यावसायिक संघाच्या वेळापत्रकात असे दिवस म्हणजे सराव बुडाला, अंग आखडलं, झोपेचं खोबरं झालं. पण त्या खोळंब्यातच संघ एकजीव झाला, असं खेळाडूंनी नंतर वारंवार सांगितलं. यात तथ्य असावं, कारण पुढच्या पंधरा दिवसांत जे झालं ते या क्लबच्या जिवंत आठवणीत क्वचितच झालं होतं.

२८ नोव्हेंबरला लिमरिकच्या थोमंड पार्कवर मन्स्टरशी गाठ होती. याच मैदानावर मन्स्टरने १९७८मध्ये न्यूझीलंडच्या ऑल ब्लॅक्सना १२-० असं हरवलं होतं. पाहुण्यांना इथे धडकीच भरते. कॉनॉट तिथे शेवटचं जिंकलं होतं १९८६मध्ये. संघातल्या अनेकांचा तेव्हा जन्मही झाला नव्हता. त्या रात्री १८-१२. एकोणतीस वर्षांचं ओझं उतरलं.

मग उतरती कळा लागली. नाताळच्या सुमारास अल्स्टर गॉलवेत येऊन जिंकून गेलं. नव्या वर्षाच्या पहिल्याच दिवशी डब्लिनमध्ये लेन्स्टरने १३-० असं कोरडं परत पाठवलं. फ्लाय-हाफ जॅक कार्टीची प्लीहा सामन्यात फाटली आणि तो कित्येक आठवडे बाहेर गेला. मार्मियन, हेन्शॉ आणि डिलेन राष्ट्रीय संघात अडकले. भरीस भर म्हणजे हेन्शॉ हंगाम संपताच लेन्स्टरला जाणार, हे फेब्रुवारीत जाहीर झालं. पश्चिमेत हे दुःख जुनंच आहे. मुलगा इथे घडायचा आणि नाव झालं की राजधानीने न्यायचा. हेन्शॉवर रागावलेले लोक होते, नाही असं नाही. पण उरलेल्या महिन्यांत तो ज्या जिद्दीने खेळला, त्यापुढे राग टिकणं कठीण होतं.

या पडत्या काळात लॅमने खेळ बदलला नाही, आणि हंगामाची किल्ली इथेच आहे. हरणारा प्रशिक्षक सहसा सावध होतो आणि लाथ मारायला सांगतो. कॉनॉट पास देत राहिलं.

२६ मार्चला, ईस्टरच्या शनिवारी, लेन्स्टर गॉलवेत आलं. हा सामना ७-६ असा संपला, आणि आकडे पाहून तो कंटाळवाणा वाटला तर तो समज चुकीचा. कॉनॉटची एक ट्राय आणि तिच्यावरचं कन्व्हर्जन, म्हणजे पाच अधिक दोन. लेन्स्टरच्या दोन पेनल्टी, तीन आणि तीन. त्यानंतर उरला तो बचाव. एका गुणाची आघाडी घेऊन मिनिटांमागून मिनिटं टॅकल करत राहायचं, एकही पेनल्टी द्यायची नाही, कारण दिली की तीन गुण आणि खेळ खलास. चेंडू हातात खेळवणारा संघ म्हणून कॉनॉटचं कौतुक होतंच, पण हाच संघ चेंडू नसतानाही उभा राहू शकतो, हे त्या संध्याकाळी दिसलं. या विजयाने कॉनॉट गुणतक्त्यात वर, अगदी शिखरावर गेलं.

एप्रिलमध्ये ग्रेनोबलला चॅलेंज कपची उपउपांत्य फेरी होती. दोन्ही संघ मोकळेपणाने खेळले आणि कॉनॉट ३२-३३ असं एका गुणाने हरलं. युरोप संपलं. आठवड्याभरातच मन्स्टर गॉलवेत आलं आणि ३५-१४ असा मार खाऊन गेलं. मन्स्टरला एकाच हंगामात घरी आणि दारी हरवणं, हे पश्चिमेतल्या जुन्या माणसांना सांगितलं असतं तर त्यांनी विश्वास ठेवला नसता.

साखळीतला शेवटचा सामना गतविजेत्या ग्लासगोविरुद्ध, ७ मे रोजी, गॉलवेत. जिंकेल त्याला घरच्या मैदानावर उपांत्य सामना. कॉनॉट १४-७ने जिंकलं. लेन्स्टर आणि कॉनॉट दोघांचे ७३ गुण झाले, नियमाप्रमाणे लेन्स्टर पहिलं, कॉनॉट दुसरं. ग्लासगो तिसरं. म्हणजे दोन आठवड्यांनी पुन्हा तोच संघ, तेच मैदान. २१ मेला स्पोर्ट्सग्राउंडमध्ये शिरायला वाव नव्हता. ग्लासगोचा फ्लाय-हाफ फिन रसेल सुरुवातीलाच डोक्याला मार लागून बाहेर गेला आणि त्यांचं मोठं नुकसान झालं, हेही सांगायला हवं. तरी १६-११ हा निकाल कुणी दिलेला नव्हता. अडेओलोकुनची ट्राय आणि मॅकगिंटीच्या लाथेच्या जोरावर तो कमावलेला होता. शिट्टी वाजली आणि कुत्र्यांची वाळूची पट्टी ओलांडून लोक मैदानात धावले. जवळच्याच अॅथनरायच्या शेतांवरचं ते प्रसिद्ध गाणं आयर्लंडभर गायलं जातं, पण ज्या काउंटीत ते गाव आहे तिथे, त्या संध्याकाळी, ते गाणं कुणाचं यावर वाद घालण्याचं कुणाच्या मनात येणं शक्य नव्हतं.

अंतिम सामना मरेफील्डला, हे आधीपासूनच ठरलेलं होतं. याच मैदानावर इंग्लंड आणि स्कॉटलंड एक वर्षाआड कलकत्ता कपसाठी भिडतात. १८७०च्या दशकात कलकत्त्याचा रग्बी क्लब बंद पडला, तेव्हा खात्यातले चांदीचे रुपये वितळवून केलेला तो चषक. मूठभर सभासदांचा बुडालेला क्लब आपलं नाव असं मागे ठेवून गेला. कॉनॉटच्या बाबतीत २००३मध्ये तेवढंही उरलं नसतं.

पश्चिम आयर्लंडहून एडिंबरा म्हणजे विमान, नाहीतर बेलफास्टहून जहाज आणि मग गाडी. लोक मिळेल त्या वाटेने निघाले. मैदानावर ३४,५५० प्रेक्षक होते. समोर लेन्स्टर, जॉनी सेक्स्टनसह, तीन युरोपियन चषकांचा संघ. अंतिम सामन्याचा अनुभव एका बाजूला भरपूर आणि दुसऱ्या बाजूला शून्य. अशा वेळी नवखा संघ दबकून खेळतो. कॉनॉटने पहिल्या मिनिटापासून स्वतःच्या अंगणातून पास द्यायला सुरुवात केली. लवकरच ओ’हॅलोरनने पहिली ट्राय केली.

दुसरी मात्र परत परत पाहावी अशी. चेंडू उजव्या बाजूला अडेओलोकुनकडे आला. पुढे बचावपटू, बाजूला सीमारेषा, पळायला जागा नाही. त्याने चेंडू अलगद बचावपटूच्या डोक्यावरून टोलवला, वळसा घालून मागे धावला, पडता चेंडू हातात घेतला आणि थेट रेषेपलीकडे झेप घेतली. लाथ न मारणारा संघ म्हणून ज्यांची ख्याती, त्यांनी हंगामातली सगळ्यात देखणी ट्राय केली ती लाथेनेच. पण ती चेंडू टाळण्यासाठी मारलेली नव्हती, परत मिळवण्यासाठी मारलेली होती. मध्यंतराला १५-०.

उत्तरार्धात डाव्या बाजूला मॅट हीलीने तिसरी ट्राय केली. लेन्स्टरने शॉन क्रोनिनच्या ट्रायने अंतर कमी केलं, शेवटच्या मिनिटांत धाकधूक झाली, पण धक्का बसला नाही. २०-१०. आकी सामनावीर. मल्डूनने चषक उचलला तेव्हा ज्यांनी २००३चा मोर्चा काढला होता, त्यातले कित्येक स्टँडमध्ये होते. त्यांच्यासाठी हा क्षण तेरा वर्षांपूर्वीच्या त्या थंड जानेवारीपर्यंत मागे जाणारा होता, आणि डोळे पुसणाऱ्या पोक्त माणसांची त्या दिवशी कुणाला लाज वाटली नाही.

ती टोळी पुन्हा कधी एकत्र खेळली नाही. हेन्शॉ लेन्स्टरला गेला, मॅकगिंटी इंग्लंडमध्ये सेलला, मल्डाउनी ग्रेनोबलला. लॅमने डिसेंबरमध्ये जाहीर केलं की आपण ब्रिस्टलला जाणार. पुढच्या हंगामात कॉनॉट आठवं आलं. काही जणांनी लगेच निष्कर्ष काढला की, पाहा, एका वर्षाचा खेळ होता. पण त्या संघाने केलेल्या कामाची फळं इतरत्र दिसत होती. हीली आणि ओ’हॅलोरन त्याच उन्हाळ्यात दक्षिण आफ्रिकेत आयर्लंडकडून खेळले. नोव्हेंबरमध्ये आयर्लंडने शिकागोत न्यूझीलंडला ४०-२९ असं इतिहासात पहिल्यांदा हरवलं, तेव्हा राखीव बाकावरून बीलम आणि डिलेन उतरले होते आणि शेवटची ट्राय हेन्शॉची होती. अडेओलोकुनलाही त्याच महिन्यात आयर्लंडची जर्सी मिळाली. आकी गॉलवेतच राहिला आणि पुढे आयर्लंडचा भरवशाचा सेंटर झाला. ज्या प्रांताने इतरांची उरलीसुरली माणसं खेळवायची असं ठरलं होतं, तो आता राष्ट्रीय संघाला माणसं देत होता.

२०१८मध्ये स्पोर्ट्सग्राउंडवर कृत्रिम हिरवळ आली. आता चिखल नाही. त्याआधी, एप्रिलच्या २८ तारखेला, मल्डून जुन्या गवतावर शेवटचा सामना खेळला. त्याचा ३२७वा. समोर पुन्हा लेन्स्टर. कॉनॉटचा तो हंगाम फसलेला होता, लीगमध्ये काही पणाला लागलेलं नव्हतं, तरी मैदान भरलेलं होतं. कॉनॉटने ४७-१० असा धुव्वा उडवला. शेवटच्या ट्रायनंतर कन्व्हर्जनची लाथ मारायला सहकाऱ्यांनी मल्डूनलाच पुढे केलं. आठ नंबरचे खेळाडू सहसा हे काम करत नाहीत, आणि त्यानेही आयुष्यभर ते केलं नव्हतं. त्याने चेंडू ठेवला, चार पावलं मागे गेला आणि दोन्ही खांबांच्या मधून तो बरोबर पार केला. त्या उन्हाळ्यात तो ब्रिस्टलला गेला, पॅट लॅमच्या हाताखाली प्रशिक्षक म्हणून.